‘अ‍ॅव्हेंजर्स’ पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी : चार वर्षांची वाट सहा आठवड्यांत कशी पाहावी

मार्व्हल कंपनीच्या कॉमिक्समधील सहा महानायकांना एकत्र आणणारा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ हा चित्रपट २७ एप्रिल २०१२ रोजी भारतात प्रदर्शित झाला. अमेरिकेतील प्रेक्षकांना तो त्यानंतर एका आठवड्याने, ४ मे रोजी पाहायला मिळाला, आणि तो आपल्याला आधी मिळाला या गोष्टीचा आम्हा चाहत्यांना त्या आठवड्यात किती अभिमान वाटत होता, हे आज सांगताना थोडे हसू येते. चित्रपटाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या एका उद्ध्वस्त रस्त्यावर सहा जण एकमेकांना पाठ लावून उभे राहतात आणि कॅमेरा त्यांच्याभोवती सावकाश फिरतो. त्या क्षणी संपूर्ण सभागृह उभे राहिले होते. माझ्या शेजारी एक मध्यमवयीन गृहस्थ बसले होते, तोपर्यंत त्यांनी माझ्याशी एकही शब्द बोललेला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर अशी थाप मारली, जणू त्या सहा जणांना एकत्र आणण्यात माझाही काही हात होता.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की ते दृश्य आमच्यापैकी बहुतेकांनी जाहिरातींमध्ये आधीच पाहिलेले होते. त्यात अनपेक्षित असे काहीच नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाचीने हाच चित्रपट एका दुपारी मोबाइलवर पाहिला आणि ‘बरा आहे, मामा’ एवढाच अभिप्राय दिला. प्रथम मला रागच आला. मग चौकशी केल्यावर कळले, की या नायकांची ओळख करून देणाऱ्या त्याआधीच्या पाच चित्रपटांपैकी एकही तिने पाहिलेला नव्हता. तिच्या दृष्टीने ती केवळ विचित्र पोशाख घातलेली सहा अनोळखी माणसे होती. आमच्या दृष्टीने ती चार वर्षे वेगवेगळ्या दारांनी येऊन, वेगवेगळ्या गोष्टी सांगून निघून गेलेली ओळखीची माणसे होती, आणि ती प्रथमच एका अंगणात जमली होती. या चित्रपटाचा निम्मा आनंद वाट पाहण्यात आहे, आणि आज सर्व चित्रपट एका बटणाच्या अंतरावर असल्यामुळे नवख्या प्रेक्षकाला तोच निम्मा भाग मिळत नाही. तो थोड्या प्रमाणात का होईना, पण मुद्दाम कसा मिळवावा, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

पायरी १ : नेमका कोणता चित्रपट, याची खात्री करून घ्या

ही पायरी अनावश्यक वाटेल, पण चूक होते. याच नावाचा १९९८ सालचा एक ब्रिटिश गुप्तहेरांचा चित्रपट आहे. राल्फ फाइन्स आणि उमा थर्मन यांचा. त्याचा आपल्या विषयाशी काहीही संबंध नाही. तो चित्रपट ज्या जुन्या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेवर आधारलेला होता, ती तेथे इतकी परिचित आहे, की गोंधळ टाळण्यासाठी आपला चित्रपट ब्रिटनमध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स असेंबल’ या नावाने लावावा लागला. त्यामुळे परदेशातील नातेवाइकांकडून एखादी डिस्क मिळाली आणि तिच्यावर हे दुसरे नाव दिसले, तर बिचकण्याचे कारण नाही. २०१२ हे वर्ष, जॉस व्हीडन हे दिग्दर्शकाचे नाव आणि १४३ मिनिटांची लांबी एवढे जुळले, की चित्रपट योग्य आहे असे समजावे.

तसेच ‘हल्क’ या नावाचा २००३ सालचा, आंग ली यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट वेगळा आहे. तो या मालिकेत बसत नाही. तुम्हाला २००८ सालचा ‘द इन्क्रेडिबल हल्क’ हवा आहे.

पायरी २ : लोक कशाची वाट पाहत होते, ते समजून घ्या

कॉमिक्समध्ये एका नायकाने दुसऱ्याच्या गोष्टीत जाणे ही जुनी आणि नेहमीची गोष्ट आहे. ‘अ‍ॅव्हेंजर्स’चा पहिला अंक १९६३ साली निघाला, लेखन स्टॅन ली यांचे आणि चित्रे जॅक कर्बी यांची. त्या पहिल्या चमूत आयर्न मॅन, थॉर, हल्क, अ‍ॅन्ट-मॅन आणि वास्प हे पाच जण होते. ज्याला आज सर्व जण या चमूचा कप्तान म्हणून ओळखतात तो कॅप्टन अमेरिका त्यात नव्हताच. तो बर्फात गोठलेल्या अवस्थेत १९६४ सालच्या चौथ्या अंकात सापडला. पहिल्या अंकातील खलनायक मात्र थॉरचा भाऊ लोकी हाच होता, आणि अर्धशतकानंतर चित्रपटानेही त्यालाच निवडले.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघत असल्यामुळे वेताळ आणि मॅन्ड्रेक यांच्यावर वाढलेली एक संपूर्ण पिढी आहे. त्या पिढीच्या वाचकाला एवढे सांगितले तरी पुरे आहे : वेताळाच्या गुहेत मॅन्ड्रेक पाहुणा म्हणून यावा, दोघांचे पटू नये, आणि तरीही दोघांना एकाच शत्रूशी लढावे लागावे, अशी कल्पना तुम्ही लहानपणी कधी ना कधी केली असेलच. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ म्हणजे त्या कल्पनेवर कोणीतरी खरोखर पैसे लावणे होय.

आणि पैसे लावणे सोपे नव्हते. मार्व्हल ही कंपनी १९९६ साली दिवाळखोरीत गेली होती. त्या दशकात तिने आपल्या सर्वांत लोकप्रिय पात्रांचे चित्रपटांचे हक्क इतरांना देऊन टाकले होते; स्पायडर-मॅन सोनीकडे गेला, तर एक्स-मेन फॉक्सकडे. पुढे २००५ साली कंपनीने स्वतः चित्रपट काढण्यासाठी मेरिल लिंचमार्फत ५२.५ कोटी डॉलरची पतसोय उभी केली, आणि त्यासाठी काही पात्रांचे चित्रपटांचे हक्कच तारण ठेवले. घरातले मोठे दागिने आधीच विकले गेलेले असताना उरलेली भांडी गहाण टाकून लग्न काढावे, तसा हा प्रकार होता. आयर्न मॅन तेव्हा कॉमिक्सच्या वाचकांबाहेर फारसा कोणाला माहीत नव्हता. हे ठाऊक असले, म्हणजे सुरुवातीच्या चित्रपटांतील पुढच्या भेटीची आश्वासने किती धाडसाची होती, ते उमगते. २००९ साली डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला मार्व्हल विकत घेतली, तोपर्यंत हा जुगार निदान अंगलट येणार नाही एवढे स्पष्ट झालेले होते.

पायरी ३ : क्रम प्रदर्शनाचा ठेवा, कथेतील काळाचा नव्हे

नवख्या प्रेक्षकाला हमखास एक सल्ला मिळतो, की घटना ज्या काळात घडतात त्या क्रमाने चित्रपट पाहावेत. त्या हिशेबाने दुसऱ्या महायुद्धात घडणारा ‘कॅप्टन अमेरिका’ सर्वांत आधी येतो. हा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कथेच्या काळाचा क्रम ज्याने सर्व काही आधीच पाहिले आहे त्याच्या सोयीचा आहे. प्रदर्शनाच्या क्रमात प्रत्येक रहस्य जेथे उघडायला हवे तेथेच उघडते. उदाहरणार्थ, ‘थॉर’च्या अगदी शेवटी एक निळसर घन दाखवला जातो, तो काय आहे हे तेथे धड सांगितलेले नाही, आणि त्याची पूर्वकथा पुढच्या ‘कॅप्टन अमेरिका’मध्ये मिळते. क्रम उलटा केला, तर आधी उत्तर मिळेल आणि नंतर प्रश्न.

पाच चित्रपटांचे मिळून जवळजवळ दहा तास होतात. ते एका शनिवार-रविवारी संपवता येतात, आणि नेमके तेच करू नये. माझ्या भाचीला मी आखून दिलेले वेळापत्रक सहा आठवड्यांचे होते, ते असे.

पहिल्या आठवड्यात ‘आयर्न मॅन’ पाहावा, आणि तो एकटाच. जॉन फॅव्हरो यांनी दिग्दर्शित केलेला हा २००८ सालचा चित्रपट आजही या पाचांतील सर्वांत घोटीव आहे. शस्त्रे विकून गब्बर झालेला टोनी स्टार्क अफगाणिस्तानात पकडला जातो आणि एका गुहेत, मोडक्या क्षेपणास्त्रांच्या भंगारातून, हातोडीने ठोकून स्वतःची सुटका घडवतो. ती गुहा, तो हातोडा आणि त्याला मदत करणारा यिन्सेन हा सहकैदी नीट लक्षात ठेवा. रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांचे बोलणे इतके सहज आहे, की पात्र कोठे संपते आणि नट कोठे सुरू होतो ते कळत नाही. याच चित्रपटात कोट-टाय घातलेला, अतिशय सभ्य बोलणारा कोलसन नावाचा एक सरकारी माणूस मधूनमधून येऊन भेटीची वेळ मागत राहतो. तो कॉमिक्समधून आलेला नाही, चित्रपटासाठीच निर्माण केलेला आहे. पहिल्यांदा पाहताना त्याच्याकडे दुर्लक्ष होते, करू नका.

दुसऱ्या आठवड्यात दोन चित्रपट उरकले तरी चालतील : शनिवारी ‘द इन्क्रेडिबल हल्क’ आणि रविवारी ‘आयर्न मॅन २’. ‘उरकणे’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. पहिल्यात ब्रूस बॅनरची, म्हणजे हल्कची, भूमिका एडवर्ड नॉर्टन करतात, तर ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये तीच भूमिका मार्क रफालो यांनी केली आहे, माणूस तोच आहे, चेहरा बदलला आहे, एवढे मनाशी पक्के करावे. त्याचप्रमाणे टोनीचा लष्करातील मित्र रोडी ‘आयर्न मॅन’मध्ये टेरेन्स हॉवर्ड आणि ‘आयर्न मॅन २’मध्ये डॉन चीडल साकारतात. ‘आयर्न मॅन २’ हा पुढच्या लग्नाच्या आमंत्रणपत्रिका वाटण्यातच इतका गुंतलेला आहे, की त्याची स्वतःची गोष्ट मध्येच थकून बसते. तरीही तो टाळू नये, कारण ब्लॅक विडो या गुप्तहेर स्त्रीच्या भूमिकेत स्कार्लेट योहान्सन प्रथम येथे दिसतात, आणि टोनीचे दिवंगत वडील हॉवर्ड स्टार्क एका जुन्या चित्रफितीतून मुलाशी बोलतात. या वडिलांचे काम पुढे आहे.

तिसरा आठवडा ‘थॉर’चा. शेक्सपिअरच्या नाटकांमध्ये मुरलेले केनेथ ब्रॅना दिग्दर्शक असल्यामुळे यातील देवलोक हे मुळात एक भांडणारे राजघराणे आहे. येथे नायकापेक्षाही त्याच्या भावाकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. टॉम हिडल्स्टन यांचा लोकी हा जगावर राज्य करायला निघालेला दुष्ट नसून, बापाने आपल्याला दुय्यम ठरवले या जखमेने पोळलेला मुलगा आहे. हे ज्याने पाहिले नाही त्याला ‘अ‍ॅव्हेंजर्स’मधील लोकी केवळ शिंगांचा मुकुट घातलेला वाचाळ खलनायक वाटतो. एका पावसाळी रात्रीच्या दृश्यात उंचावरून धनुष्य रोखणारा एक माणूस काही क्षणच दिसतो. तो हॉकआय, म्हणजे जेरेमी रेनर. डोळे मिचकावलेत तर निसटेल.

चौथ्या आठवड्यात ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर’. हे पात्र जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केले, आणि मार्च १९४१ अशी तारीख असलेल्या त्याच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरला ठोसा मारताना दिसतो. अमेरिका तेव्हा अजून युद्धात उतरलेलीही नव्हती. नाव ऐकून अनेकांना हा प्रचारपट वाटतो आणि ते तो वगळतात. तसे करू नये. स्टीव्ह रॉजर्स हा हडकुळा मुलगा कोणतीही शक्ती मिळण्यापूर्वीच, समोर पडलेल्या हातबॉम्बवर स्वतःचे शरीर टाकतो. पुढे जे औषध त्याला मिळते ते केवळ त्याची छाती रुंद करते. याच चित्रपटात तरुण हॉवर्ड स्टार्क, म्हणजे टोनीचे वडील, कॅप्टनचे मित्र म्हणून वावरतात. नट ‘आयर्न मॅन २’मधला नाही, त्यामुळे नाव कान देऊन ऐकावे. चित्रपटाचे शेवटचे वाक्य एका चुकलेल्या भेटीविषयी आहे आणि ते अत्यंत साधे आहे.

पाचवा आठवडा रिकामा ठेवावा. काहीही पाहू नये. या एका सूचनेवर माझ्या भाचीने सर्वांत जास्त कुरकुर केली, आणि सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला. बुधवारी तिचा फोन आला, ‘मामा, थॉरचा हातोडा कॅप्टनच्या ढालीवर आदळला तर काय होईल?’ ज्या प्रेक्षकाला हा प्रश्न स्वतःहून पडला, तो चित्रपटासाठी तयार झाला असे खुशाल समजावे.

सहाव्या आठवड्यात ‘अ‍ॅव्हेंजर्स’.

पायरी ४ : श्रेयनामावली संपेपर्यंत जागचे हलू नका

आपल्याकडे पडद्यावर नावे सरकू लागली, की चप्पल शोधायची सवय आहे. ती येथे मोडावी लागते. २००८ साली ‘आयर्न मॅन’ मी ज्या चित्रपटगृहात पाहिला, तेथे नावे सुरू होताच दिवे लागले आणि दारे सताड उघडली गेली. नावांनंतर आणखी एक दृश्य आहे हे मला काही आठवड्यांनी एका मित्राकडून कळले, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही. त्या दृश्यात डोळ्यावर पट्टी बांधलेला, गुप्तचर संस्थेचा प्रमुख निक फ्युरी टोनीच्या घरात येऊन एका चमूचा विषय काढतो. सर्व प्रतीक्षा सुरू होते ती तेथून. गंमत अशी, की २००२ साली निघालेल्या ‘अल्टिमेट्स’ या कॉमिक्समध्ये चित्रकार ब्रायन हिच यांनी फ्युरीचा चेहरा सॅम्युअल एल. जॅक्सन यांच्यावरून काढला होता, आणि पुढे ती भूमिका खरोखर जॅक्सन यांच्याकडेच आली.

‘आयर्न मॅन’, ‘आयर्न मॅन २’, ‘थॉर’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’ या चौघांत जादा दृश्य संपूर्ण नामावलीनंतर आहे. ‘द इन्क्रेडिबल हल्क’मध्ये ते नावे सुरू होण्यापूर्वीच येते. ‘कॅप्टन अमेरिका’नंतरचा तुकडा बऱ्याच अंशी पुढच्या चित्रपटाची झलक आहे, तो सोडला तरी चालेल, किंबहुना सोडावाच. ‘अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये अशी दोन दृश्ये आहेत : एक नावांच्या अधेमध्ये, तर दुसरे अगदी शेवटी.

घरी पाहणाऱ्यांनी एक खबरदारी आधीच घ्यावी. स्ट्रीमिंगच्या सेवा नावे सुरू होताच चित्र लहान करून पुढचा चित्रपट आपोआप सुरू करतात. सेटिंगमध्ये जाऊन पुढचे आपोआप लावण्याची सोय बंद करावी, आणि रिमोट घाई करणाऱ्या माणसाच्या हाती देऊ नये.

पायरी ५ : भाषा ठरवा

हे चित्रपट हिंदीत भाषांतरित झालेले उपलब्ध आहेत. घरातील आजी-आजोबा किंवा लहान मुले सोबत असतील, तर हिंदी निवडण्यात कमीपणा काहीच नाही. सबटायटल्स वाचण्यात चित्र निसटण्यापेक्षा ते बरे. परंतु इंग्रजी बऱ्यापैकी समजत असेल, तर मूळ भाषा आणि खाली इंग्रजी सबटायटल्स हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो. यातील विनोदाचा मोठा भाग बोलण्याच्या ढंगांवर उभा आहे. थॉर एखाद्या जुन्या संगीत नाटकातील राजासारखा बोलतो, टोनी प्रत्येकाला टोपणनावे ठेवतो, आणि १९४० च्या दशकातून थेट आजच्या काळात आलेल्या कॅप्टनला त्यांतील निम्मे संदर्भ कळत नाहीत. एका प्रसंगी त्याला एक संदर्भ कळतो आणि तो लहान मुलासारखा खूश होऊन तसे बोलूनही दाखवतो. आधीचे चित्रपट न पाहिलेल्या माणसाला त्या जागी फक्त एक विनोद दिसला असता. तुम्हाला त्यातले एकटेपणही दिसेल.

पायरी ६ : आधी काही वाचू-पाहू नका

चित्रपटाचे नाव शोधयंत्रात टाकले, तरी पुढच्या भागांतील मृत्यू आणि विवाह शीर्षकांतच समोर येतात. नटांची नावेही शोधू नयेत, कारण कोणी किती चित्रपटांत काम केले यावरून कोण वाचतो ते कळते. या लेखात मी ज्या गोष्टी सांगितल्या आहेत त्या निवडून सांगितल्या आहेत; जे खरोखर महत्त्वाचे आहे ते झाकून ठेवले आहे.

पायरी ७ : प्रत्यक्ष दिवस

एकट्याने, मोबाइलवर, कानात यंत्रे घालून हा चित्रपट पाहू नये. निदान चार माणसे जमवावीत आणि त्यांतील एकाने तरी तो पूर्वी पाहिलेला असावा, म्हणजे योग्य ठिकाणी त्याच्या चेहऱ्याकडे पाहता येते. आवाज मोठा हवा. अ‍ॅलन सिल्व्हेस्त्री यांची मुख्य धून जेथे पूर्ण ताकदीने वाजते तेथे टीव्हीच्या चिरक्या आवाजात ती ऐकणे म्हणजे ढोल-ताशा फोनवरून ऐकण्यासारखे आहे. मध्यंतर हवे असेल, तर आकाशातील अवाढव्य जहाजावरचा हल्ला संपून सर्व जण विखुरतात तेथे घ्यावे. त्याआधी घेतले, तर चहा थंड होईल.

अमेरिकेत या चित्रपटाला तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी सावध असावे, अशा अर्थाचे प्रमाणपत्र मिळाले होते. फार लहान मुलांना लढाईचा गोंगाट आणि सुरुवातीचा हल्क घाबरवू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे. मोठ्या मुलांसाठी एक खेळ सुचवतो : सहाही चित्रपटांत स्टॅन ली स्वतः कोठेतरी क्षणभर दिसतात, ते कोणाला आधी सापडतात ते पाहावे.

पायरी ८ : चित्रपटात काय पाहावे

पहिला बराच वेळ केवळ माणसे गोळा करण्यात जातो. अनेकांना हा भाग संथ वाटतो. मला तो आवडतो, कारण प्रत्येकाला बोलावण्याची रीत वेगळी आहे. ब्रूस बॅनर कोलकात्यात रोग्यांची सेवा करत लपून राहिलेला असतो. ते कोलकाता अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात उभारलेले आहे, आणि तेथील लोक बंगालीऐवजी हिंदी बोलतात, याची गंमत आपल्या प्रेक्षकाला लगेच कळते. हॉलिवूडचे हे जुने दुखणे आहे. ते सोडून दिले, तर ब्लॅक विडो आणि बॅनर यांच्यातील त्या झोपडीतील संभाषण उत्तम आहे : ती एवढी धीट असूनही त्याला किती घाबरते हे पाहावे, म्हणजे हल्क न दिसताही त्याचे वजन जाणवते.

जर्मनीतील श्टुटगार्ट शहरात लोकी जमावाला गुडघ्यांवर बसायला लावतो, तेव्हा एक वृद्ध उभा राहतो. ते दृश्य अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात चित्रित झाले आहे, पण जागा कोठलीही असो, संपूर्ण चित्रपटातील सर्वांत शूर माणूस तो म्हातारा आहे असे माझे मत आहे. जर्मनी, एक म्हातारा आणि एक हुकूमशहा. इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकाला अधिक काही सांगावे लागत नाही, आणि त्यानंतर तेथे कोण येऊन पोहोचतो तेही योगायोगाने ठरलेले नाही.

मग भांडणे. जमलेले नायक शत्रूपेक्षा आपसांत अधिक भांडतात, आणि हा चित्रपटाचा गाभा आहे. पाचव्या आठवड्यात पडलेल्या हातोडा-ढालीच्या प्रश्नाचे उत्तर याच भागात, एका अंधाऱ्या जंगलात मिळते. कॅप्टन आणि टोनी यांच्यातील वादाकडे विशेष लक्ष द्यावे. वरवर तो शिस्तीचा आणि उर्मटपणाचा वाद आहे, परंतु ज्याने हॉवर्ड स्टार्क यांना दोन चित्रपटांत पाहिले आहे त्याला कळते, की ज्या वडिलांनी आपले कधी मनापासून कौतुक केले नाही त्यांच्या कौतुकाचा विषय असलेला माणूस टोनीसमोर जिवंत उभा आहे.

शेवटची न्यूयॉर्कची लढाई लांब आहे, पण ती समजते, आणि याचे श्रेय एका छोट्या प्रसंगाला जाते. कॅप्टन रस्त्यावर उभा राहून प्रत्येकाला काम नेमून देतो : कोणी छतावर जायचे, कोणी सीमा राखायची, कोणी आकाशातील वाट अडवायची. हल्कला मिळालेली आज्ञा सर्वांत लहान आहे. त्यानंतर एक लांबलचक, न तुटल्यासारखे वाटणारे दृश्य येते, ज्यात कॅमेरा एका लढवय्यावरून दुसऱ्यावर, जमिनीवरून आकाशात आणि पुन्हा खाली जातो. एकत्र येणे म्हणजे काय, ते त्या एका दृश्यात शब्दांशिवाय सांगितले आहे. यातील बरेचसे न्यूयॉर्क खरे नाही. काही रस्ते क्लीव्हलँडचे आहेत, तर काही भाग न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्कीत उभारून मागची शहराची दृश्ये संगणकाने जोडली आहेत. हल्कच्या चेहऱ्यावर मात्र रफालो यांचे हावभाव टिपून बसवलेले आहेत, आणि त्याच्या गर्जनेत लू फेरिग्नो यांचा आवाज मिसळलेला आहे. जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील हिरव्या रंगाने माखलेला हल्क तेच होते. लोकी आणि हल्क जेव्हा समोरासमोर येतील, तेव्हा तोंडात चहा असू नये. एवढेच सांगतो.

दोष नाहीत असे नाही. परग्रहावरून आलेल्या सैन्याला चेहरा नाही, त्यामुळे ते पडले तरी काही वाटत नाही. सहा जणांत स्त्री एकच आहे, आणि तिचा स्वतंत्र चित्रपट येण्यास २०२१ साल उजाडावे लागले, हे मला चाहता म्हणूनही खटकते.

नामावलीच्या अगदी शेवटचे दृश्य मूक आहे. लॉस एंजेलिसमध्ये ११ एप्रिल २०१२ रोजी पहिला खेळ होऊन गेल्यानंतर ते चित्रित करून जोडण्यात आले. त्यात कॅप्टन अमेरिकेचा हात कोठे आहे ते पाहावे : ती भूमिका करणाऱ्या क्रिस एव्हन्स यांनी दुसऱ्याच एका चित्रपटासाठी दाढी वाढवली होती, आणि ती लपवणे भाग होते.

पायरी ९ : पुढे काय

या चित्रपटाने जगभरात दीड अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली आणि त्यानंतर चित्रपटांची रीघ लागली. ते सर्व पाहण्याची आवश्यकता नाही. पुढील मोठ्या भेटीपर्यंत पोहोचायचे असेल, तर ‘द विंटर सोल्जर’, ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’, ‘एज ऑफ अल्ट्रॉन’, ‘सिव्हिल वॉर’, ‘थॉर : रॅग्नारॉक’ आणि ‘ब्लॅक पँथर’ हे याच क्रमाने पाहिले तरी भागते. त्यानंतर ‘इन्फिनिटी वॉर’ आणि ‘एन्डगेम’. या दोघांमध्ये निदान एक आठवडा जाऊ द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. आम्हाला २७ एप्रिल २०१८ पासून २६ एप्रिल २०१९ पर्यंत, जवळजवळ पूर्ण वर्षभर, त्या शेवटासह जगावे लागले होते. तुम्हाला सात दिवस जड जाऊ नयेत.

१८१ मिनिटांच्या ‘एन्डगेम’नंतर जादा दृश्य नाही. तरीही नावे संपेपर्यंत बसावे आणि टीव्हीचा आवाज कमी करू नये. काळ्या पडद्यावर धातूवर हातोडा पडल्याचा आवाज काही वेळ ऐकू येतो. तो कोठला, हे पहिल्या आठवड्यातील गुहा आठवत असेल तर विचारावे लागणार नाही.